आपत्कालीन सेवा परिक्षेत्रे आणि त्यांचे विधी-प्रतिनिधित्व : टेक्सास राज्याचा अभ्यास

उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस पुढील गोष्टी साध्य होतील :

१. एकाच कामासाठी स्थापन होणाऱ्या स्थानिक संस्थांचे स्वरूप सांगता येईल.
२. टेक्सास राज्यातील आपत्कालीन सेवा परिक्षेत्राची निर्मिती, रचना व अधिकारमर्यादा स्पष्ट करता येतील.
३. अशा परिक्षेत्राच्या वकिलाचा अशील नेमका कोण, या प्रश्नाचे विवेचन करता येईल.
४. करार, सभा, कर आणि दावे या चार बाबतींत कायदेशीर सल्ल्याचे कार्य विशद करता येईल.

१. प्रास्ताविक

स्थानिक शासन म्हटले की आपल्यासमोर ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद उभी राहते. या संस्था अनेक कामे एकत्र करतात. अमेरिकेत याच्या जोडीला आणखी एक परंपरा आढळते. एखादी विशिष्ट गरज भागविण्यासाठी, त्या गरजेपुरतीच एक स्वतंत्र स्थानिक संस्था स्थापन करण्याची ती परंपरा होय. पाणीपुरवठा, सांडपाणी, रुग्णालय, ग्रंथालय, अग्निशमन अशा कामांसाठी या संस्था असतात. अमेरिकेच्या जनगणना विभागाने २०१७ साली केलेल्या गणनेत अशा संस्थांची संख्या ३८ हजारांहून अधिक भरली होती.

टेक्सास राज्यातील 'इमर्जन्सी सर्व्हिसेस डिस्ट्रिक्ट' ही याच प्रकारची संस्था आहे. येथे 'डिस्ट्रिक्ट' या शब्दाचा अर्थ आपल्या परिचयाचा प्रशासकीय जिल्हा असा नाही. म्हणून प्रस्तुत घटकात तिच्यासाठी 'आपत्कालीन सेवा परिक्षेत्र' किंवा नुसता 'परिक्षेत्र' हा शब्द वापरला आहे. आपल्या जिल्ह्याशी काहीसे साम्य असलेल्या घटकास तेथे 'काऊंटी' म्हणतात. टेक्सासमध्ये २५४ काऊंट्या आहेत.

आग विझविणे आणि जखमींना रुग्णवाहिकेतून हलविणे ही कामे वेगाची आहेत. कायद्याचे काम संथ आणि कागदोपत्री चालणारे. या दोहोंचा संबंध वरवर पाहता दूरचा वाटतो. प्रत्यक्षात मात्र अग्निबंब वेळेवर पोहोचणे हे बऱ्याच अंशी आधी काळजीपूर्वक झालेल्या कागदपत्रांवर अवलंबून असते. ते कसे, हे पाहणे हा या घटकाचा विषय आहे.

२. परिक्षेत्राची गरज व निर्मिती

टेक्सासमधील शहरांची स्वतःची अग्निशमन दले असतात. शहरांच्या हद्दीबाहेरील ग्रामीण भागाची स्थिती निराळी आहे. राज्याचा कायदा काऊंटीला अग्निशमन सेवा देण्याची मुभा देतो. सक्ती करीत नाही. त्यामुळे ग्रामीण भागात हे काम दीर्घकाळ स्वयंसेवी अग्निशमन दलांनी केले. गावातील शेतकरी, दुकानदार, शिक्षक हेच या दलांचे जवान असत, आणि खर्चासाठी देणग्या, लिलाव व सामुदायिक भोजने यांचा आधार घेतला जाई. वस्ती वाढली, उपकरणे महागली, तशी ही व्यवस्था अपुरी पडू लागली.

या अडचणीवर उपाय म्हणून १९४९ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन ग्रामीण अग्निप्रतिबंधक परिक्षेत्रांना मान्यता मिळाली. पुढे १९८७ साली मतदारांनी आणखी एक दुरुस्ती मंजूर केली. तीनुसार अग्निशमनाबरोबर रुग्णवाहिका व इतर तातडीच्या सेवा देऊ शकणारी आपत्कालीन सेवा परिक्षेत्रे अस्तित्वात आली. त्यांचे नियमन आज राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेतील ७७५ व्या प्रकरणानुसार होते.

परिक्षेत्राच्या निर्मितीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रथम, नियोजित परिक्षेत्रात करपात्र स्थावर मालमत्ता असलेल्या, सर्वसाधारणपणे किमान १०० मतदारांच्या सह्यांचा अर्ज काऊंटीकडे सादर होतो. त्यावर काऊंटीचे 'कमिशनर्स कोर्ट' जाहीर सुनावणी घेते. नावात 'कोर्ट' हा शब्द असला तरी हे प्रामुख्याने काऊंटीचा कारभार पाहणारे मंडळ आहे, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. नियोजित परिक्षेत्रात एखाद्या शहराची हद्द येत असेल, तर त्या शहराची संमती मिळविण्याचा प्रश्न उभा राहतो. शेवटी मतदान होते आणि बहुमताने कौल मिळाल्यास परिक्षेत्र स्थापन होते.

परिक्षेत्राचा कारभार पाच सदस्यांचे मंडळ पाहते. बहुतेक ठिकाणी या सदस्यांची नेमणूक कमिशनर्स कोर्ट दोन वर्षांसाठी करते. काही काऊंट्यांत ते निवडणुकीने येतात. हे सदस्य सामान्यतः आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करणारे स्थानिक नागरिक असतात. दर दोन वर्षांत किमान सहा तासांचे प्रशिक्षण घेणे त्यांना बंधनकारक आहे.

परिक्षेत्राच्या उत्पन्नाचा मुख्य आधार मालमत्ता कर हा आहे. राज्यघटनेने त्याची कमाल मर्यादा १०० डॉलर मूल्यांकनामागे १० सेंट अशी घातली आहे. याचा अर्थ, ३ लाख डॉलर करपात्र मूल्याच्या घराकडून परिक्षेत्राला वर्षाला जास्तीत जास्त ३०० डॉलर मिळू शकतात. संपूर्ण परिक्षेत्रातील करपात्र मालमत्ता ५० कोटी डॉलरची असेल, तर कमाल वार्षिक कर ५ लाख डॉलर होतो. एक नवा अग्निबंब घ्यायलाच काही लाख डॉलर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या संस्थांची आर्थिक ओढाताण समजते. मतदारांच्या संमतीने विक्रीकरही लावता येतो. पण सर्व स्थानिक संस्थांचा मिळून विक्रीकर २ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, असे बंधन आहे.

३. दिलेले तेवढेच अधिकार

परिक्षेत्राला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करता येते, करार करता येतात, कर्मचारी नेमता येतात, कर्ज घेता येते. ते दावा लावू शकते आणि त्याच्यावरही दावा लावता येतो. मात्र हे सर्व अधिकार कायद्याने दिलेले आहेत, आणि दिलेले तेवढेच आहेत. एखादी व्यक्ती कायद्याने मनाई केलेली नाही ती कोणतीही गोष्ट करू शकते. परिक्षेत्राला मात्र जे काही करायचे त्याचा आधार कायद्यात दाखवावा लागतो. असा आधार नसलेली कृती अधिकारबाह्य ठरते.

विधी-प्रतिनिधित्वाची गरज येथूनच सुरू होते. न्यायालयात उभे राहणे हा त्याचा एक भाग झाला. त्याहून मोठा भाग म्हणजे एखादी गोष्ट करण्यापूर्वी 'हे आपल्याला करता येते का, आणि कोणत्या रीतीने?' या प्रश्नाचे उत्तर मिळविणे. पाच सदस्यांच्या मंडळात कायद्याचा जाणकार असेलच असे नाही. म्हणून मंडळ ठरावाने वकील किंवा वकिलांची संस्था नेमते.

कामाच्या स्वरूपानुसार हे वकील निरनिराळे असू शकतात. नित्याचा सल्ला देणारा एक सर्वसाधारण वकील असतो. कर्जरोखे काढायचे असल्यास त्या विषयातील स्वतंत्र वकील लागतो. टेक्सासमध्ये अशा रोख्यांच्या कागदपत्रांना ते जारी होण्यापूर्वी राज्याच्या ॲटर्नी जनरलची मान्यता घ्यावी लागते. थकीत कराच्या वसुलीसाठी वेगळा वकील नेमता येतो. त्याचा मोबदला वसूल रकमेच्या २० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीने नेमलेला वकीलही परिक्षेत्राच्या बाजूने उभा राहतो.

४. वकिलाचा अशील कोण?

या विषयातील मध्यवर्ती प्रश्न हा आहे. परिक्षेत्राच्या वकिलाशी रोजचा संबंध कोणाचा येतो? बहुधा मंडळाच्या अध्यक्षाचा किंवा अग्निशमन दलाच्या प्रमुखाचा. तेच दूरध्वनी करतात, तेच कागद पाठवितात. त्यामुळे 'हा आपला वकील' अशी त्यांची सहज समजूत होते. टेक्सासमधील वकिलांच्या व्यावसायिक आचारनियमांनुसार मात्र संस्थेच्या वकिलाचा अशील ही ती संस्था असते. अध्यक्ष, सदस्य, दलप्रमुख हे त्या संस्थेच्या वतीने बोलतात; ते स्वतः अशील नसतात.

या तत्त्वाचे तीन व्यावहारिक परिणाम होतात.

पहिला परिणाम असा की, एखाद्या सदस्याचे खासगी हित आणि परिक्षेत्राचे हित यांत विरोध आला, तर वकिलाने परिक्षेत्राची बाजू घ्यायची असते. समजा, नव्या अग्निशमन केंद्रासाठी निवडलेली जमीन एका सदस्याच्या मालकीची आहे. राज्याच्या कायद्यानुसार अशा सदस्याने आपला हितसंबंध प्रतिज्ञापत्राने उघड करून चर्चेतून व मतदानातून दूर राहणे आवश्यक आहे. त्या सदस्याला हे स्पष्टपणे सांगणे हे वकिलाचे काम होय. व्यक्तिगत सल्ला हवा असल्यास त्याने दुसरा वकील पाहावा, हेही वकिलानेच सांगायचे.

दुसरा परिणाम गोपनीयतेसंबंधी आहे. अध्यक्षाने वकिलाला सांगितलेली गोष्ट इतर चार सदस्यांपासून लपवून ठेवण्याचे आश्वासन वकील देऊ शकत नाही, कारण ती माहिती संस्थेची असते. कोणी पदाधिकारी बेकायदा कृत्य करीत असल्याचे आढळले, तर वकिलाने प्रथम फेरविचार सुचवावा आणि आवश्यकता भासल्यास विषय संपूर्ण मंडळापुढे न्यावा, अशी अपेक्षा असते.

तिसरा परिणाम शेजारी संस्थांबाबतचा आहे. ग्रामीण भागात या विषयाचे जाणकार वकील थोडे असल्याने एकच वकील अनेक परिक्षेत्रांचे काम पाहतो. दोन शेजारी परिक्षेत्रे परस्परांशी मदतीचा करार करतात किंवा त्यांच्यात हद्दीचा वाद उद्भवतो, तेव्हा एकाच वकिलाने दोन्ही बाजू सांभाळणे धोक्याचे ठरते. अशा वेळी सर्व वस्तुस्थिती उघड करून दोघांची संमती घेणे किंवा एका बाजूने माघार घेणे, हे मार्ग उरतात.

मात्र वकिलाचे स्थान सल्लागाराचे आहे, हेही विसरता कामा नये. कोणता अग्निबंब घ्यावा, कर किती लावावा, केंद्र कोठे बांधावे हे निर्णय मंडळाचे. कायद्याची चौकट दाखविणे हे वकिलाचे काम आणि त्या चौकटीत धोरण ठरविणे हे लोकांच्या प्रतिनिधींचे काम. ही सीमा पुसली गेली, तर मतदारांना जबाबदार नसलेली व्यक्ती कारभार चालवू लागते.

५. करार : एक कल्पित उदाहरण

बरीच परिक्षेत्रे स्वतः दल उभारण्याऐवजी आधीपासून काम करीत असलेल्या स्वयंसेवी दलाशी करार करतात. हे दल कायद्याने स्वतंत्र ना-नफा संस्था असते. कर गोळा करणारी संस्था एक आणि आग विझविणारी संस्था दुसरी, अशी ही रचना आहे.

आता पुढील स्थिती कल्पनेने पाहू. परिक्षेत्र दरवर्षी दलाला ठरावीक रक्कम देते. त्या पैशांतून दलाने एक अग्निबंब विकत घेतला आणि तो स्वतःच्या नावाने नोंदविला. करारात मालकीचा उल्लेख नाही. काही वर्षांनी मंडळ आणि दल यांच्यात मतभेद होतात व करार संपुष्टात येतो. मंडळ म्हणते, 'वाहन करदात्यांच्या पैशांचे आहे.' दल म्हणते, 'नोंदणी आमच्या नावाची आहे.' वाद न्यायालयात जातो, आणि तो चालू असेपर्यंत त्या वस्तीला अग्निबंब कोण पुरविणार हा प्रश्न अनुत्तरित राहतो. येथे हानी कोणाची होते? ज्याचे घर त्या काळात पेट घेईल त्याची.

सक्षम वकील असा करार लिहिताना काही कलमे आवर्जून घालतो : सार्वजनिक पैशांतून घेतलेल्या साधनांची मालकी कोणाची, करार संपल्यास ती कोणी, किती मुदतीत परत करायची, दलाने कोणता अहवाल व हिशेब द्यायचा, विमा कोणी काढायचा, आणि करार मोडण्यापूर्वी किती दिवसांची सूचना द्यायची, म्हणजे मधल्या काळात सेवा खंडित होणार नाही.

याच्या मुळाशी राज्यघटनेचे एक महत्त्वाचे बंधन आहे. टेक्सासच्या राज्यघटनेतील तिसऱ्या अनुच्छेदाचे ५२ वे कलम स्थानिक संस्थांना सार्वजनिक पैसा खासगी व्यक्तीला किंवा संस्थेला देणगी म्हणून देण्यास मनाई करते. स्वयंसेवी दल कितीही परोपकारी असले तरी परिक्षेत्र त्याला नुसता धनादेश देऊ शकत नाही. न्यायालयांनी घालून दिलेल्या कसोटीनुसार खर्चाचा हेतू सार्वजनिक असावा लागतो, तो हेतू साध्य होईल इतके नियंत्रण संस्थेने स्वतःकडे ठेवावे लागते, आणि बदल्यात सार्वजनिक लाभ मिळावा लागतो. म्हणून हिशेबाचे व अहवालाचे कलम हा दलावरील अविश्वास मानू नये. त्या कलमांमुळेच दलाला पैसा देणे वैध ठरते.

६. सभा, माहिती आणि कर

परिक्षेत्र ही सार्वजनिक संस्था असल्याने तिचा कारभार उघड्यावर चालला पाहिजे. सभेची सूचना विषयपत्रिकेसह आधी प्रसिद्ध करावी लागते. पूर्वी ही मुदत ७२ तासांची होती. २०२५ च्या सुधारणेनंतर ती तीन कामकाजाच्या दिवसांची झाली. विषयपत्रिकेत नसलेल्या बाबीवर निर्णय घेता येत नाही. नियमभंग करून घेतलेला निर्णय न्यायालयाकडून रद्द होऊ शकतो, आणि जाणूनबुजून बेकायदा बंद सभा घेणे हा फौजदारी गुन्हा आहे. वकिलाशी दाव्याबाबत किंवा गोपनीय कायदेशीर सल्ल्याबाबत बोलण्यासाठी बंद बैठक घेण्याची मुभा कायदा देतो. पण तिचा उपयोग इतर विषयांवरील चर्चा लोकांपासून लपविण्यासाठी करता येत नाही. वकील समोर बसला आहे एवढ्यावरून प्रत्येक चर्चा गोपनीय ठरत नाही.

नागरिकांनी मागितलेली माहिती देणे हेही कर्तव्य आहे. माहिती नाकारायची असल्यास परिक्षेत्राला सामान्यतः दहा कामकाजाच्या दिवसांत ॲटर्नी जनरलकडे निर्णय मागावा लागतो. वकिलाचे देयकसुद्धा या नियमातून सुटत नाही. त्यातील गोपनीय सल्ल्याचा भाग वगळता, कोणत्या कामाला किती पैसे लागले हे पाहण्याचा हक्क करदात्याला आहे.

कर आकारणीतही क्रम आणि मुदती यांना महत्त्व आहे. प्रस्तावित दराची सूचना, जाहीर सुनावणी, ठराव यांपैकी एखादी पायरी चुकली, तर करदाता न्यायालयातून वसुलीस मनाई मिळवू शकतो. कमाल १० सेंटांवर उभ्या असलेल्या संस्थेला एका वर्षाचा कर अडकणे परवडणारे नसते.

७. दावे आणि हद्दीचे प्रश्न

आपत्कालीन वाहने वेगाने जातात, आणि अपघात घडतात. टेक्सासच्या अपकृत्य दावा अधिनियमानुसार शासकीय संस्थांना सामान्यतः दाव्यांपासून संरक्षण असते. पण वाहनाच्या निष्काळजी वापरासारख्या काही बाबतींत ते उठविले आहे. आपत्कालीन सेवा देणाऱ्या संस्थेची जबाबदारी शारीरिक इजेसाठी दर व्यक्तीमागे १ लाख डॉलर आणि दर घटनेमागे ३ लाख डॉलर इतकी मर्यादित आहे. दावा करणाऱ्याने घटनेनंतर सहा महिन्यांत सूचना देणे आवश्यक असते. तातडीच्या प्रसंगी कर्मचारी कायद्याचे पालन करून, बेपर्वाई न करता वागला असेल, तर संस्थेला अधिक संरक्षण मिळते. वर पाहिलेल्या ५ लाख डॉलर उत्पन्नाच्या परिक्षेत्राला १ लाखाची भरपाई म्हणजे वर्षाच्या कराचा पाचवा हिस्सा. म्हणून विमा पुरेसा आहे का, चालकांचे प्रशिक्षण नोंदविले आहे का, आलेली सूचना वेळीच विमा कंपनीकडे गेली का, हे पाहणे वकिलाच्या नित्य कामात येते.

या संरक्षणाची दुसरी बाजूही विचारात घ्यावी. अग्निबंबाच्या धडकेत जखमी झालेल्या नागरिकाला त्याच्या नुकसानीएवढी भरपाई मिळेलच असे नाही. करदात्यांचा पैसा वाचविणे आणि जखमी व्यक्तीला न्याय मिळणे यांतील हा ताण विधिमंडळाने रकमेची मर्यादा घालून सोडविला आहे. तो योग्य रीतीने सुटला आहे काय, याविषयी मतभेद संभवतात.

हद्दीचा प्रश्नही वारंवार उद्भवतो. वाढते शहर परिक्षेत्रातील भाग आपल्यात सामील करून घेते आणि तेथील सेवा स्वतः देऊ लागते, तेव्हा तो भाग परिक्षेत्रातून बाहेर पडू शकतो. त्याबरोबर त्याचा करही जातो. परंतु त्या भागासाठी बांधलेल्या केंद्राचे कर्ज मागे उरते. कायद्याने शहरावर त्या कर्जाचा प्रमाणशीर हिस्सा भरण्याची जबाबदारी टाकली आहे. तो हिस्सा वेळेवर आणि योग्य हिशेबाने मागणे हे वकिलाचे काम. ते राहून गेले, तर उरलेल्या गावकऱ्यांवर शहराच्या कर्जाचा बोजा पडतो.

८. सारांश

आपत्कालीन सेवा परिक्षेत्र ही लोकांनी अर्ज करून, मत देऊन आणि स्वतःवर कर लावून उभी केलेली संस्था आहे. तिचे अधिकार कायद्याने दिलेले तेवढेच असतात. तिचा वकील अध्यक्षाचा किंवा दलप्रमुखाचा नसून संपूर्ण सार्वजनिक संस्थेचा असतो. त्याचे बहुतांश काम न्यायालयाबाहेर होते : करार नीट लिहिणे, सभेची सूचना वेळेवर निघते आहे हे पाहणे, कराचा ठराव निर्दोष ठेवणे, भरपाईची मागणी मुदतीत करणे. हे काम चोख झाले असता लोकांना त्याची जाणीवही होत नाही. त्यांना दिसतो तो दाराशी येऊन उभा राहिलेला अग्निबंब.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. टेक्सासमध्ये आपत्कालीन सेवा परिक्षेत्रांची गरज का निर्माण झाली, ते थोडक्यात लिहा.
२. 'संस्थेचा वकील हा संस्थेतील व्यक्तींचा वकील नसतो' या विधानाचे सोदाहरण स्पष्टीकरण करा.
३. परिक्षेत्राने स्वयंसेवी दलाला देणगी न देता करार का करावा लागतो?
४. १०० डॉलरमागे १० सेंट या दराने २ लाख ५० हजार डॉलर करपात्र मूल्याच्या मालमत्तेवर जास्तीत जास्त किती कर बसेल? (उत्तर : २५० डॉलर)
५. सार्वजनिक संस्थेच्या भरपाईवर मर्यादा घालणे न्याय्य आहे काय? दोन्ही बाजूंचा विचार करून आपले मत मांडा.